जमिनीखालचा विस्तव

थंडीत थिजलेली खोबरेलाची बाटली आम्ही कुळगावकर उन्हात ठेवतो. जड खनिज तेलालाही उपाय उष्णतेचाच. पण ते सुमारे हजार मीटर खोल, वाळूच्या खडकात अडकलेले! वरून वाफ सोडावी, तर तिची ऊब वाटेतच विरते. म्हणून गुजरातेत मेहसाण्याजवळ बलोल येथे ओएनजीसीने १९९० साली विहिरीतून दाबाने हवा सोडून तेल खालीच पेटविले. १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर. घरचेच जाळून घर भरण्याचा हा व्यवहार उफराटा खरा! परंतु जळतो तो मुख्यतः तेलाचा कोळशासारखा गाळ. त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ होते, आणि जळण्यातून निघालेले वायू व वाफ त्याला शेजारच्या विहिरींकडे लोटतात. चिंता हवेचीच: कॉम्प्रेसर फार वेळ थांबला, तर विस्तव विझू शकतो.