गाडी कुठंय? डबीला विचारा!

काडेपेटीएवढी काळी डबी, तिच्यातून निघालेल्या तीन-चार वायरी आणि पोटात एक सिमकार्ड. ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन-चार हजारांत मिळणाऱ्या या वस्तूमागे अणुघड्याळं आहेत, आइनस्टाइन आहे, अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्ष आहे आणि पुण्यातली एक टेकडीही आहे. गाडीसाठी जीपीएस ट्रॅकर घ्यायचं मनात असेल, तर किंमत विचारण्याआधी या डबीच्या भन्नाट गोष्टी वाचा. यातल्या बऱ्याच गोष्टी दुकानात उभं राहिल्यावर थेट कामाला येतात.

उपग्रहाला तुमची गाडी ठाऊकच नाही!

‘उपग्रहाची तुमच्या गाडीवर नजर’ असं जाहिरातीत दिसतं. खरं म्हणजे जीपीएसचे उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटरवरून फिरतात आणि एकसारखं एवढंच सांगत राहतात, की मी अमुक उपग्रह, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले. खाली कोण ऐकतंय, याचा त्यांना पत्ताही नसतो. डबी किमान चार उपग्रहांचं बोलणं ऐकते, संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतरं काढते आणि स्वतःची जागा स्वतःच शोधते.

मग ती जागा तुमच्या मोबाइलवर कशी येते? सिमकार्डातून, साध्या मोबाइल नेटवर्कवरून. म्हणजे डबीची कामं दोन, ऐकणं आणि कळवणं. ऐकणं आयुष्यभर फुकट आहे, कळवणं मात्र रिचार्जवर चालतं. रिचार्ज संपला की डबीला गाडी कुठे आहे ते बरोबर कळत असतं, पण ते तुम्हाला सांगता येत नाही.

आइनस्टाइनचे ३८ मायक्रोसेकंद

उपग्रहांवरची अणुघड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. सापेक्षता सिद्धांताने सांगितलेला हा फरक दुरुस्त केला नाही, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या घरात जाईल. गाडी स्वारगेटला उभी आणि नकाशावर ती खराडीच्या आसपास!

क्लिंटनसाहेबांची सही

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये उडाला. पण कित्येक वर्षं सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल अमेरिकेने मुद्दाम बिघडवलेला असायचा आणि शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला बिल क्लिंटन यांच्या आदेशाने हा खोडा निघाला आणि त्या एका रात्रीत जगभरचे रिसीव्हर सुधारले. गाडी कोणत्या गल्लीत उभी आहे, हे सांगणारी स्वस्त डबी त्यानंतरच शक्य झाली. आता आपल्याकडे इस्रोची ‘नाविक’ यंत्रणाही आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला.

तेरा आकडी नंबर आठवतो?

२०१८ मध्ये व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता, ‘सगळ्यांचे मोबाइल नंबर आता १३ आकडी होणार!’ अफवाच ती, पण तिचं मूळ खरं होतं. यंत्रांनी यंत्रांशी बोलायला वापरायच्या सिमकार्डांना १३ आकडी नंबर द्यायचं त्या वर्षी ठरलं होतं. ट्रॅकर हे असंच एक यंत्र.

सिमचा विषय निघालाच आहे तर हेही बघून ठेवा. स्वस्तातल्या बऱ्याच डब्या अजून टूजीवर चालतात आणि जिओचं नेटवर्क टूजीवर चालतच नाही. तेव्हा डबी फोरजी आहे का, हा दुकानातला पहिला प्रश्न. आणि गावाकडे किंवा घाटात तुम्ही जिथे जास्त जाता, तिथे कोणत्या कंपनीची रेंज असते, हा दुसरा.

एआरएआयची टेकडी

पुणेकर सकाळी फिरायला जातात त्या कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकरसाठी देशाचं जे मानक आहे, त्या ‘एआयएस १४०’चं या संस्थेशी जवळचं नातं आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्या टॅक्सी-बसमध्ये असा ट्रॅकर आणि संकटकाळचं बटण सक्तीचं झालं. रिक्षांना त्यातून सूट आहे. खासगी गाडीला सक्ती नाही, पण या मानकातली एक अट आपणही मागून घ्यावी: डबीच्या पोटात तिची स्वतःची बॅटरी हवी.

आणखी एक गंमत. चोरीविरोधी यंत्राला एआरएआयची मान्यता असेल, तर मोटार विम्याच्या जुन्या दरपत्रकाप्रमाणे गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, पण जास्तीत जास्त ५०० रुपये! रक्कम छोटी असली तरी विमा कंपनीला विचारायला काय हरकत आहे?

स्टिकर न लावलेली गाडी

या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत आवडते ती बोस्टनकडची. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘लोजॅक’ नावाचं यंत्र सुरू झालं. ते काढणारे विल्यम रेगन पूर्वी पोलीस खात्याशी संबंधित कामात होते. या यंत्रात जीपीएस नव्हतंच. गाडीत कुठेतरी लपवलेला रेडिओ गप्प पडून असायचा. चोरीची नोंद पोलिसांच्या संगणकात झाली की मनोऱ्यावरून त्याला हुकूम जायचा आणि मग तो बोलायला लागायचा. गस्तीच्या गाडीतलं यंत्र सिग्नल कोणत्या बाजूने आणि किती जोरात येतोय ते दाखवायचं.

खरी करामत पुढे आहे. या गाड्यांवर कसलाही स्टिकर नसायचा. ‘लोजॅक’ कुठल्या गाडीत आहे, हे चोराला कळायला मार्गच नव्हता. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेविट या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये याचा हिशेब मांडला. जिथे ही यंत्रं वाढली, त्या शहरांत एकूणच गाडीचोरी कमी झाली. म्हणजे ज्यांनी एक पैसा खर्च केला नाही, त्यांच्या गाड्याही सुरक्षित झाल्या. स्टिअरिंगवरचं मोठं कुलूप चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवतं. लपवलेली डबी मात्र अख्ख्या सोसायटीच्या पार्किंगची राखण करते. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे, काचेवर ‘जीपीएस बसवलेले आहे’ अशी पाटी लावू नये. चोराला शंकेतच राहू द्यावं.

एअरटॅग चालेल का?

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी ब्राँक्समधल्या गाडीमालकांसाठी ॲपलचे ५०० एअरटॅग फुकट वाटायची घोषणा केली. गोल बटणासारखी ही वस्तू घड्याळात असतो तसल्या सेलवर वर्षभर चालते, सिम लागत नाही, दरमहा खर्च नाही. आसपासच्या अनोळखी आयफोनना ती ब्लूटूथने हाक मारते आणि ते तिचा ठावठिकाणा कळवतात. मुंबईच्या सिग्नलवर हे छान जमतं. मेळघाटातल्या आडवाटेवर आयफोनवालाच नसेल तर कळवणार कोण?

दुसरी अडचण जास्त मोठी. कुणाच्या नकळत त्याचा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी एअरटॅग सोबत फिरतोय, अशी सूचना समोरच्याच्या फोनवर जाते. ही सोय बायाबापड्यांच्या सुरक्षेसाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण तीच सूचना चोरालाही मिळते. शिवाय हे यंत्र ६० अंश सेल्सिअसपर्यंतच चालवायचं असं कंपनीच सांगते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्यापलीकडे तापतो. एअरटॅग जोडीला असू द्या, भिस्त त्याच्यावर नको.

विमानतळाला नडलेला जॅमर

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळाच्या जीपीएस यंत्रणेत अडथळे यायला लागले. शोध घेतला तर कारण निघालं रस्त्यावरची एक पिकअप गाडी. मालकाने गाडीत लावलेल्या ट्रॅकरला चुकवायला चालकाने जॅमर लावला होता! त्याला ३१,८७५ डॉलर दंड सुनावला गेला. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो, की खिशातलं यंत्रही तो दाबून टाकतं. चांगल्या ट्रॅकरमध्ये जॅमिंग झाल्याचा इशारा देण्याची सोय असते. ती आहे का, ते विचारा.

इलेक्ट्रिशियनशेजारी उभे राहा

स्टिअरिंगखाली सोळा खाचांचं एक सॉकेट असतं, मेकॅनिक स्कॅनर लावतो ते. त्यात खोचायचा ट्रॅकर मिळतो. बसवायला अर्धा मिनिट लागतो आणि चोराला काढायलाही तेवढाच. वायर जोडून लपवलेली डबी केव्हाही चांगली. पण इलेक्ट्रिशियन घाईत असला, की स्टिअरिंगखालचं पॅनल खोलून लाल वायर बॅटरीच्या लाइनला, काळी अर्थिंगला, तिसरी इग्निशनला जोडतो आणि डबी तिथेच पट्टीने बांधून मोकळा होतो. चोर पहिला हात तिथेच घालतो. जागा बदलून मागा. वर प्लास्टिक चालेल, पत्रा नको, कारण पत्र्याखाली डबीला उपग्रह ऐकू येत नाहीत.

सराईत चोरांची एक रीत पोलिसांना चांगली माहीत आहे. गाडी उचलली की ती एखाद्या गर्दीच्या पार्किंगमध्ये एक-दोन दिवस सोडून देतात. कुणी शोधत आलं, तर ट्रॅकर आहे हे कळतं. त्याआधी गाडीच्या बॅटरीची वायरही काढलेली असते. पोटात स्वतःची बॅटरी असलेली डबी अशा वेळी ‘वायर तुटली’ असा मेसेज पाठवते. तो मेसेज रात्री तीन वाजता तुम्हाला उठवेल का? ॲपचा आवाज बंद ठेवला असेल तर नाही.

मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोयही मिळते. धावत्या गाडीवर ती चुकूनही वापरू नये. इंजिन थांबलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची ताकद कमी होते आणि समोर कुणीतरी निरपराध असतो.

खिशाला न लागणारे दोन हेर

फास्टॅगमध्ये बॅटरी नाही, जीपीएस नाही, पण टोल कापल्याचा मेसेज गाडी कुठल्या नाक्यावरून गेली ते सांगतो. चोराने टॅग खरवडून काढला नसेल तर हा मेसेज सोन्यासारखा. दुसरा हेर नव्या गाडीत बसूनच येतो. २०१९ पासून आपल्याकडे मधल्या किमतीच्या गाड्यांतही कंपनीचं सिम आणि ट्रॅकिंग यायला लागलं. सुरुवातीची फुकट वर्षं संपली की कित्येक मालक वर्गणी भरत नाहीत आणि बाजारात नवी डबी शोधत फिरतात. आधी ते चालू आहे का बघा.

थोडक्यात निवड अशी: फोरजी, वायर जोडलेली, पोटात बॅटरी असलेली आणि नेहमीची जागा सोडून लपवलेली डबी. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला मात्र ती आहे हे सांगा, तो त्याचा हक्क आहे. आणि गाडी खरंच गेली, नकाशावर ठिपका दिसला, तरी एकटे धावू नका. ११२ ला फोन करा, लोकेशन पोलिसांच्या हाती द्या, एफआयआर नोंदवा. गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, विम्याच्या दाव्यात त्या मागतात. आणि ट्रॅकर आधीच बसवलेला असेल, तर त्याच्या सिमचा रिचार्ज कधी संपतो ते आजच बघून घ्या.