वांगं कुठल्या गावचं? गोव्याच्या आठवडी बाजारातली गावनावं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझी आई भाव नंतर विचारायची. टोपलीपुढे उकिडवी बसली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘खंयचीं गो हीं?’ म्हणजे, कुठची ग ही? विकणारी म्हणायची, ‘आगशेचीं.’ मग आई एक वांगं उचलायची, देठ बघायची, अंगठ्याने हलकं दाबायची आणि मगच पैशांची गोष्ट निघायची. पिशवी धरून शेजारी उभा असलेला मी कंटाळून जायचो. वांग्याचा गाव विचारून काय मिळतं, हे मला कळत नसे.

पुढे मी यांत्रिकी अभियंता झालो. पंचवीस वर्षं कारखान्यात काढली. तिथे कच्चा माल आला की पहिला प्रश्न हाच असायचा: हा लॉट कुठून आला? तेव्हा लक्षात आलं की आई तेच करत होती. मालाचा उगम विचारला की त्याचा दर्जा निम्मा कळतो. गोव्याच्या बाजारांनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला, म्हणून आपल्याकडे आगशीची वांगी, खोल्याची मिरची, मयड्याची केळी अशी नावं तयार झाली. ही नावं कशी घडली, कशी टिकली आणि आज ती का सैल होत चालली आहेत, हे या लेखात मांडतो.

आठवड्याचं चाक

आधी बाजाराची रचना समजून घेऊ. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, डिचोलीचा बुधवारचा, बाणस्तारीचा गुरुवारचा. दिवस वाटून घेतलेले असल्यामुळे व्यापारी एका बाजारातून दुसऱ्यात फिरू शकत. भाजी पिकवणाऱ्या बाईचं गणित मात्र वेगळं होतं. तिला घर, गुरं आणि शेत सांभाळून एका दिवसात जाऊन परत यायचं असे. डोक्यावर टोपली घेऊन किंवा होडीने सकाळी जिथे पोचता येईल, तोच तिचा बाजार. त्यामुळे प्रत्येक बाजाराला आपापला गावांचा घेर होता आणि त्या घेरातली गावं गिऱ्हाइकाला तोंडपाठ असत.

म्हापशाच्या नावाचा संबंध काही जण ‘माप’ या शब्दाशी जोडतात. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, हे गाव मापण्या-विकण्याचं म्हणून लोकांच्या मनात होतं एवढं त्यातून नक्की दिसतं. आज आपण पाहतो ते बाजाराचं बांधकाम पोर्तुगीज अमदानीच्या अखेरचं, १९६० च्या सुमाराचं. पण शुक्रवारी खरी गर्दी असते ती इमारतीच्या बाहेर, जमिनीवर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांपुढे. जागेचा कर म्हणजे सोपो. तो वसूल करणारा येतो, पावती फाडतो आणि पुढे जातो. सोपोच्या पावतीवर पैसे लिहिलेले असतात, वांग्याचा गाव नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

नाव कशामुळे पडतं?

आगशी हे तिसवाडीतलं जुवारी नदीकाठचं गाव. इथली वांगी मोठी, गराने भरलेली, बिया कमी आणि मऊ. काप करून रव्यात घोळून तळायला याच्यासारखं वांगं नाही. पावसाळी भात कापून झालं की त्याच शेतात ती लावतात आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ती बाजारात दिसतात.

सांत इस्तेव हे मांडवीच्या पात्रातलं बेट. जुनी माणसं त्याला जुवें म्हणतात आणि इथल्या भाजीमुळे त्याला ‘शाकेचो जुंवो’ असंही नाव पडलं. इथला भेंडा लांब आणि सात शिरांचा. तो पावसाळ्यात येतो. पूल होण्यापूर्वी इथला माल होडीनेच बाहेर पडे.

काणकोणातल्या खोला गावची मिरची डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. रंगाला गडद लाल, तिखटाला मध्यम. पेडण्यातल्या हरमलची मिरची मात्र भात निघाल्यावर शेतात लावतात. दोन्ही मिरच्या गोव्याच्याच, पण एक पावसाळी आणि एक हिवाळी, एक डोंगराची आणि एक सखल शेताची. मासळीला भरायचा मसाला असो की वर्षाची बेगमी, जाणती बाई यांतली कुठली घ्यायची ते आधीच ठरवून येते.

बार्देशातल्या मयडे गावचं केळं आकाराने मोठं. त्याचा फिगाद, म्हणजे केळ्याचा हलवा, प्रसिद्ध आहे. देऊळ असो वा चर्च, गावाच्या भोळेपणाच्या गोष्टी सगळीकडे सांगतात. मयड्याबद्दल गंमत अशी की चर्च वाढावं म्हणून लोकांनी त्याच्याभोवती खत घातलं म्हणे! थट्टा सोडली तरी खताने केळ वाढते हे या गावाला पक्कं ठाऊक होतं, एवढं त्या गोष्टीतून कळतं.

या सगळ्यांत समान काय? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विशिष्ट मोसमात मिळणारं पाणी आणि माती. दुसरी, घरात राखलेलं बियाणं. तिसरी, ओळखीच्या गिऱ्हाइकाला थेट केलेली विक्री. तिन्ही एकत्र असतील तर नाव टिकतं. एक निखळली की नाव हळूहळू पोकळ होतं.

बियाणं आणि कलम

इथे थोडं तांत्रिक सांगणं भाग आहे. आंबा आणि वांगं यांची जात राखण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

आंब्याचं कलम म्हणजे छायाप्रत. मूळ झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधली की तेच झाड पुन्हा मिळतं. पोर्तुगीज काळात गोव्यात कलमांची ही विद्या फोफावली आणि आंब्यांना माणसांसारखी नावं मिळाली. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची गोव्याच्या आंब्यांची तारीफ करतो आणि त्यांची निरनिराळी नावंही सांगतो. आपला लाडका मानकुराद मुळात ‘मालकोरादा’, म्हणजे ज्याचा रंग नीट चढला नाही तो. नाव निंदेचं, पण चवीने निंदेवर मात केली. आज मोसमाच्या सुरुवातीला या रंग न चढलेल्या आंब्याला डझनामागे काही हजार रुपये मोजणारे लोक आहेत.

वांगं, मिरची, भेंडा यांचं बियाणं म्हणजे हाताने उतरवलेली नक्कल. दरवर्षी कुणीतरी ती नव्याने उतरवायची. चांगल्या झाडावरचं चांगलं फळ विकायचं नाही, झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. मग बी धुवायचं, राखेत घोळून वाळवायचं आणि चुलीजवळ कोरड्या जागी ठेवायचं. शेजारच्या शेतात वेगळी मिरची लावली तर मधमाश्या दोन्हींची सरमिसळ करतात आणि पुढच्या वर्षी नकलेत चुका दिसू लागतात. म्हणून सगळा वाडा एकच जात लावत असेल तर बियाणं शुद्ध राहतं. एकट्या शेतकऱ्याने हट्टाने जात राखायची म्हटली तरी ते कठीण. आगशीचं वांगं ही एका घराची नव्हे, गावाची कामगिरी आहे.

आणि त्या बियाण्याची परीक्षा घेत होतं कोण? बाजार. बी जास्त निघालं की गिऱ्हाईक पुढच्या शुक्रवारी येऊन सांगायचं, ‘बाये, फाटलीं वांयगीं बरीं नासलीं.’ मागची वांगी चांगली नव्हती. पुढच्या वर्षी कुठलं बी ठेवायचं नाही हे त्या तक्रारीवरून ठरायचं. कारखान्यात आम्ही ज्याला गुणवत्ता नियंत्रण म्हणायचो, ते इथे गोणपाटावर बसून चाललेलं होतं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. मिरची मूळ अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इथे आली. म्हणजे आज आपण अस्सल म्हणून मिरवतो ती खोल्याची मिरची कधीकाळी परदेशी पाहुणी होती. तिला इथलं कोणी केलं? काणकोणच्या उतारांनी आणि दरवर्षी बी राखणाऱ्या हातांनी. अस्सलपणा उगमात कमी आणि राखणीत जास्त असतो, असं माझं मत बनलं आहे.

नाव सैल कसं झालं?

गोव्याला रोजच्या भाजीसाठी बेळगावचा आधार फार जुना. घाटावरून कांदा-बटाटा, कोबी, टोमॅटो उतरतो आणि आपण जेवतो. १९५० च्या दशकात भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, तेव्हा बटाटे थेट हॉलंडहून यायचे असं जुनी माणसं आजही सांगतात. मुक्तीनंतर घाटाचे रस्ते सुधारले, ट्रक वाढले आणि भाजी मुबलक झाली. बेळगावच्या शेतकऱ्याचे आपल्यावर उपकारच आहेत. पण रोज पहाटे ट्रक येऊ लागल्यावर बाजारात बसणाऱ्यांत पिकवणाऱ्या कमी आणि घाऊक घेऊन विकणाऱ्या जास्त झाल्या.

दोनेक वर्षांपूर्वी मी रस्त्याकडेला एका बाईकडून वांगी घेतली. सवयीने विचारलं, ‘खंयचीं?’ उत्तर आलं, ‘आगशेचीं, बाब.’ घरी कापली तर आत बियाच बिया, त्याही टणक. राग आला, पण तो टिकला नाही. ती बाई पहाटे घाऊक बाजारातून माल उचलते. तिला जे नाव सांगितलं गेलं, ते तिने मला सांगितलं. प्रश्न तोच राहिला, उत्तर देणारी मात्र ते शेत पाहिलेली नव्हती.

शेतंही कमी होत आहेत. पणजीला लागून असलेल्या ताळगावची वांगी एकेकाळी आगशीच्या बरोबरीने नावाजलेली होती. आज ताळगाव म्हटलं की डोळ्यांपुढे इमारती येतात.

कागदावरचं नाव

यावर एक उपाय कायद्याने दिला आहे: भौगोलिक मानांकन. १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला. गोव्यातून पहिलं मानांकन फेणीला मिळालं, २००९ मध्ये. पुढे खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याचं केळं, खाजें यांची नोंद झाली आणि अलीकडे मानकुराद, आगशीचं वांगं, सात शिरांचा भेंडा आणि बेबिंक यांचीही.

हे मानांकन म्हणजे नेमकं काय, याबद्दल बराच गैरसमज आहे. ते बियाण्यावरचं पेटंट नव्हे. ते नावाचं रक्षण करतं. उत्पादकांची संस्था किंवा संघटना चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करते. नोंदवहीचे दोन भाग असतात: पहिल्यात मानांकनाची आणि मालक संस्थेची नोंद, दुसऱ्यात ते नाव अधिकृतपणे वापरणाऱ्यांची. आगशीत जन्मून आयुष्यभर वांगी लावली, तरी दुसऱ्या भागात नाव घातल्याशिवाय शेतकऱ्याला मानांकनाचं चिन्ह लावता येत नाही. नोंद दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करावं लागतं.

म्हणजे कायदा खोटं नाव थांबवू शकतो. पण शेत पडीक राहिलं, घरात बी उरलं नाही, तर जपायला नुसतं नाव शिल्लक राहील. प्रमाणपत्र भिंतीवर आणि वांगं इतिहासात, अशी वेळ यायला नको.

आपलं काम

अर्जात एक भाग ऐतिहासिक पुराव्याचा असतो. हे पीक या गावात जुनं आहे, हे दाखवावं लागतं. इथे आपल्यासारख्या इतिहासप्रेमींचा संबंध येतो. मी जी थोडीफार जुनी कागदपत्रं चाळली, त्यांत भात आणि नारळ पानोपानी भेटतात. त्यांच्यावर खंड होता, पावणी होती, म्हणून ते लिहून ठेवले गेले. बाईने डोक्यावर नेऊन विकलेली भाजी क्वचितच भेटते. सोपोच्या पावतीने तिचा गाव नोंदवला नाही आणि आपणही कधी नोंदवला नाही.

तो अजून नोंदवता येईल. पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जाल तेव्हा वही न्या. पुरुमेंताच्या दिवसांत, चवथीच्या माटोळीच्या बाजारातही न्या. विकणारीला गाव विचारा, मग पुढचे तीन प्रश्न विचारा: तुम्ही स्वतः पिकवता का? बी कुणाचं? तुमच्यानंतर कोण बसणार? तारीख घाला आणि उत्तर तिच्याच शब्दांत उतरवा. घरात आजीच्या हातची हिशेबाची वही किंवा पाककृतींची चोपडी असेल, त्यात भाजीबरोबर गावाचं नाव असेल, तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

मी गेल्या हिवाळ्यापासून असं सुरू केलं आहे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक बायका हसतात आणि मान हलवतात. एकीने मात्र मागे बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. सून मोबाइल बघत होती. पण मी ‘बी कुणाचं?’ विचारल्यावर सासूच्या आधी उत्तर तिने दिलं. ते वहीत लिहून ठेवलं आहे.