यादी आधी, अ‍ॅप नंतर

डोंबिवलीत आमच्या इमारतीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: "ऑनलाइन किराणा खरंच स्वस्त पडतो का हो?" विचारणाऱ्यांत नव्यानं संसार मांडलेल्या मुली असतात, तसे निवृत्त झालेले काकाही असतात. मी लग्न झाल्यापासून घरखर्चाची वही ठेवते. वाण्याचं बिल, सुपरमार्केटची पावती, मोबाइलवरची ऑर्डर, सगळं तीत उतरतं. त्या वहीच्या जोरावर मी सांगते: महिन्याची यादी करून एकदाच मागवलंत तर नक्की स्वस्त पडतं. लागेल तसं, लागेल तेव्हा मागवत राहिलात तर महिनाअखेरीस दुकानापेक्षा जास्त पैसे गेलेले दिसतात.

ऑनलाइन माल स्वस्त का मिळतो, ते आधी पाहू. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साबणाची वडी येते ती कंपनीकडून वितरकाकडे आणि तिथून दुकानात, अशा टप्प्यांनी. प्रत्येक टप्प्यावर थोडा नफा वाढतो. मोठी ऑनलाइन कंपनी तोच साबण घाऊक प्रमाणात, बहुतेकदा थेट उत्पादकाशी करार करून घेते आणि गोदामातून पाठवते. तिला भर रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं पडत नाही. शिवाय तिचा स्वतःचा ब्रँडही असतो. बिग बास्केटचा 'बीबी रॉयल' किंवा डीमार्टचा 'प्रीमिया' यांच्या पाकिटावर जाहिरातीचा मोठा खर्च चढलेला नसतो, त्यामुळे रवा, साखर, शेंगदाणे, मीठ अशा साध्या वस्तू त्यांत परवडतात.

ही गणितं आपल्या भागाला नवी नाहीत. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत उघडलं आणि घाऊक खरेदी, कमी खर्च, कमी नफा या हिशेबावर ते वाढलं. जिओमार्टची सुरुवातीची चाचणी नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण परिसरात झाली. पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी, 1975 साली, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. माझी आई तिच्या एका संघाची सभासद होती. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करायची, प्रत्येक घर आपली महिन्याची मागणी लिहून द्यायचं, पंचायत सगळ्यांची मिळून घाऊक खरेदी करायची आणि माल संघाकडे यायचा. मग बायका एकत्र बसून कोणाची तूरडाळ किती, कोणाचे पोहे किती ते वाटून घ्यायच्या. आई मागणीपत्रक भरायच्या आधी एकेक डबा उघडून बघायची. गेल्या महिन्याचा साबुदाणा उरला असेल तर या महिन्याच्या रकान्यात रेघ.

आजच्या अ‍ॅपमागे हेच अर्थशास्त्र आहे: अनेकांची मागणी एकत्र करायची, मधले टप्पे गाळायचे, माल थेट घरापर्यंत न्यायचा. फरक एवढाच, की आई मागणीपत्रक भरत असताना तिच्या कानाशी कोणी "हेही घ्या, तेही घ्या" म्हणत नव्हतं. अ‍ॅपवर आपण 'चहा' शोधतो तेव्हा सगळ्यात वर दिसणारा चहा बऱ्याचदा कंपनीनं पैसे मोजून वर आणलेला असतो. बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलेलंही असतं. म्हणून माझी यादी कागदावर, स्वयंपाकघरात उभं राहून होते. ती पूर्ण झाल्यावरच मी अ‍ॅप उघडते.

आता दराकडे वळू. पडद्यावर '30 टक्के सूट' असं हिरव्या अक्षरांत दिसतं तेव्हा ती सूट छापील किमतीवर, म्हणजे एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी उत्पादक ठरवतो आणि कायद्यानं ती कमाल मर्यादा आहे. सगळे कर धरून त्यापेक्षा जास्त कोणी घेऊ शकत नाही, पण कमी कोणीही घेऊ शकतो आणि आमचा वाणीसुद्धा डाळ-तांदळाच्या पाकिटावर छापील किंमत क्वचितच लावतो. त्यामुळे सुटीची टक्केवारी बाजूला ठेवा आणि अ‍ॅपवरचा दर वाण्याच्या दराशी ताडून बघा.

दर ताडायचा तोही किलोचा. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ अशा काही वस्तूंच्या पाकिटांची वजनं नियमानं ठरलेली होती. ते बंधन आता उठलं आहे. त्याच्या बदल्यात पाकिटावर एका ग्रॅमला किंवा एका किलोला काय दर पडतो हे छापणं बंधनकारक झालं आहे. याचा उपयोग तेल घेताना सगळ्यात जास्त होतो. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. आता तशाच दिसणाऱ्या, पण 800 ते 850 ग्रॅमच्या पिशव्याही मिळतात. समजा, एक लिटरची पिशवी 150 रुपयांना आहे आणि शेजारची 840 ग्रॅमची 143 रुपयांना. दुसरी सात रुपयांनी स्वस्त दिसते. पण पहिलीत 100 ग्रॅमला साधारण साडेसोळा रुपये पडतात आणि दुसरीत सतरा. तेवढंच 910 ग्रॅम तेल दुसऱ्या दरानं घेतलं तर जवळपास 155 रुपये होतील. दुकानात पिशवी हातात घेतल्यावर वजनाचा थोडा तरी अंदाज येतो. पडद्यावरच्या फोटोत सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात, म्हणून तिथे निव्वळ वजन वाचायचं.

डाळ, तांदूळ आणि गहू या बाबतीत माझी वही वाण्याच्या बाजूनं झुकते. 18 जुलै 2022 पासून आधी पॅक करून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या धान्य-डाळी-पिठाच्या पाकिटांवर 5 टक्के जीएसटी आहे. वाणी पोत्यातून सुटी मोजून देतो त्या डाळीवर तो नाही. शिवाय तिथे तूरडाळ हातात घेऊन बघता येते, जुनी आहे की नवी, पॉलिश किती आहे ते कळतं, आणि लोकवन गहू दळून आणल्यावर पोळी चांगली झाली नाही तर पुढच्या वेळी सांगता येतं. याउलट साबण, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहा, तूप, बिस्किटं या बंद पाकिटातल्या गोष्टी कुठेही घेतल्या तरी त्याच असतात. त्या मी ऑनलाइनच घेते. भाजीचं म्हणाल तर स्टेशनबाहेर रात्री भाजीवाल्यांची आवराआवर सुरू झाली की जो भाव मिळतो, तो मला अजून कुठल्याही अ‍ॅपवर मिळालेला नाही.

जाण्यायेण्याचा खर्चही हिशेबात धरायला हवा. आमच्याकडे रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आहे, आणि महिन्याचं सामान घेऊन शेअर रिक्षात बसता येत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यांच्यासाठी पाच किलोची तेलाची कॅन दारात येणं ही मोठी सोय आहे. तिचे थोडे पैसे पडले तरी ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पैसे वाया जातात ते काही मिनिटांत येणाऱ्या डिलिव्हरीत. स्विगी इन्स्टामार्ट 2020 साली आलं, झेप्टो 2021 साली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रोफर्सनं ब्लिंकिट हे नाव घेतलं. वस्तीजवळ छोटी गोदामं ठेवायची आणि दुचाकीवरून माल पोचवायचा, अशी ही पद्धत. गोदामाचं भाडं आणि पोचवणाऱ्या मुलाची फेरी यांचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा. तो घरपोच आकार, हाताळणी आकार, छोट्या ऑर्डरचा आकार, पावसातला आकार अशा नावांनी बिलाच्या तळाशी येतो. समजा, कोथिंबीर, दही आणि पाव मिळून 90 रुपयांचं सामान आहे आणि सगळे आकार मिळून 40 रुपये. म्हणजे सामानाच्या किमतीवर 44 टक्के जादा. तेच 40 रुपये 4000 रुपयांच्या महिन्याच्या बिलावर पडले तर एकच टक्का. ऑनलाइन खरेदीतली बचत आणि उधळपट्टी यांतलं अंतर या दोन आकड्यांत आहे.

छोट्या ऑर्डरचा आकार चुकवायला आपण टोपलीत चॉकलेट टाकतो, मोफत घरपोच मिळावं म्हणून चिप्सचं पाकीट वाढवतो. ही युक्ती कंपनीच्या फायद्याची आहे. नको असलेली 60 रुपयांची वस्तू घेऊन 25 रुपये वाचवले, तर 35 रुपये गेलेच. वर्गणी भरून मिळणाऱ्या 'मोफत डिलिव्हरी'लाही हाच निकष लावा: महिन्यातून एकदाच मागवणाऱ्याला त्या वर्गणीची गरजच नसते.

ग्राहकाला गोंधळात टाकणाऱ्या अशा रचनांविरुद्ध आता नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा 13 प्रकारांना मनाई केली. न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी घालणं, पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर नवे आकार दाखवणं, 'शेवटची दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं हे सगळं त्यांत येतं. असं दिसलं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 या क्रमांकावर तक्रार करा. माल दारात आल्यावर वजन आणि वापरण्याची अंतिम तारीखही तपासा. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2024 मध्ये ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं आहे, की खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी किमान 30 टक्के किंवा 45 दिवस शिल्लक असावेत.

माझी पद्धत साधी आहे. महिनाअखेरीस डबे बघून यादी करायची. बंद पाकिटातल्या वस्तू दोन अ‍ॅपवर किलोच्या दरानं ताडायच्या आणि जिथे एकूण बिल आकारांसकट कमी, तिथून एकदाच मागवायच्या. धान्य आणि सुटा माल वाण्याकडून. मध्येच काही संपलं तर खाली उतरून त्याच्याचकडून आणायचं, आकार न देता. अडीअडचणीला उधार देणारं, एक लिंबूसुद्धा देणारं दुकान वस्तीत टिकायला हवं, आणि ते टिकवण्यासाठी दर महिन्याला थोडी खरेदी तिथे होणं मला आवश्यक वाटतं.

कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. सुटीची टक्केवारी जितक्या मोठ्या अक्षरांत दाखवता, तितक्याच मोठ्या अक्षरांत किलोचा दर दाखवा, आणि सगळे आकार पहिल्याच पडद्यावर सांगा. आमच्या इमारतीतल्या आजीबाईंनाही मग कोणाला न विचारता समजेल, की आपले पैसे कुठे वाचतात.