वाट बघायला शिकलेला कोड

नेटवर्कवरचा गेम लिहिणाऱ्याला खरा जाच असतो तो वाट बघण्याचा. समजा, अंतराळातल्या बाजारात एका खेळाडूने दुसऱ्याचं यान विकत घेतलं. सर्व्हरची कामं मोजकीच: घेणाऱ्याच्या खात्यात पैसे आहेत का ते पाहायचं, ते वळते करायचे, यान नव्या मालकाच्या नावावर करायचं. पण पायरीपायरीला डेटाबेसचं किंवा दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर यावं लागतं, आणि तोवर बाकीच्या हजारो खेळाडूंना ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून सी++मध्ये अशा कामाचे तुकडे पाडले जात. पहिल्या उत्तरासाठी एक फंक्शन, पुढच्यासाठी दुसरं, आणि मघाशी काम कुठवर आलं होतं याची नोंद प्रोग्रॅमरने स्वतः ठेवायची. मधेच कनेक्शन तुटलं, तर कुठला तुकडा अर्धवट राहिला हे शोधत बसायचं.

आइसलँडमधल्या सीसीपी या कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’साठी वेगळा मार्ग धरला. मे २००३मध्ये आलेल्या या गेमचे नियम मुख्यतः स्टॅकलेस पायथनमध्ये लिहिलेले होते. ख्रिस्तियान टिस्मर यांनी घडवलेल्या पायथनच्या या आवृत्तीत ‘टास्कलेट’ नावाची हलकी कामं हजारोंनी चालवता येतात. टास्कलेटला उत्तर हवं असलं की ते आहे त्या ओळीवर थांबतं, हातातली सगळी माहिती तशीच जपतं आणि प्रोसेसर दुसऱ्यासाठी मोकळा करतं. उत्तर आलं की त्याच ओळीपासून पुढे. त्यामुळे यानखरेदीचा कोड तोंडी सांगावा तसा वरून खाली लिहिता येतो. मला हे फार सुंदर वाटतं: नियम वाचताना नेटवर्क डोळ्यांत खुपत नाही.

सावध मात्र राहावं लागतं. टास्कलेट थांबलं तरी खेळ चालूच असतो; उत्तर येईपर्यंत ते यान लढाईत नष्टही झालेलं असेल. म्हणून पुढे जाण्याआधी पुन्हा खात्री करणारी ओळ हवीच. ती राहिली, तर नसलेलं यान विकलं जाईल.

पायथन निवडण्याची किंमतही मोठी होती. पायथनची एक प्रोसेस एका वेळी पायथनचा कोड प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालवत असे, त्यामुळे खेळातल्या एका सूर्यमालेतली लढाई अनेक कोअरवर वाटून देणं जमत नव्हतं. मग सीसीपीने भार वाढला की खेळातला काळच संथ करायचा तोडगा काढला, अगदी १० टक्के वेगापर्यंत. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर५आरबी या सूर्यमालेत पेटलेली लढाई अशा संथ गतीने सुमारे २१ तास चालली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू त्यात उतरले आणि ‘टायटन’ जातीची ७५ महाकाय यानं नष्ट झाली.

तरीही निवड योग्यच होती, असं माझं मत आहे. यानांच्या हालचालींचं जड गणित सी++मध्येच राहिलं. रोज बदलणारे नियम तेवढे पायथनमध्ये गेले. गेम लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी लुआ या भाषेतले, टास्कलेटसारखेच थांबून पुढे चालणारे कोरूटीन एकदा हाताळून पाहावेत. लुआ मोफत मिळते आणि वाट बघणारा कोड त्यात पहिल्याच दिवशी लिहिता येतो.