शिकलास कुठल्या वॉर्डात?

मनोविकारतज्ज्ञ व्हायच्या वाटा आपल्याकडे अनेक. एमबीबीएसनंतर कुणी तीन वर्षांचं एमडी करतं, कुणी तेवढ्याच वर्षांचं डीएनबी. दोन वर्षांचा डीपीएम हा डिप्लोमा करून तालुक्याला दवाखाना थाटलेलेही पुष्कळ. ‘यातलं भारी कोणतं?’ असं पालक मला विचारतात. रेसिडेंटांना शिकवताना मी पदवीपेक्षा वॉर्डाची चौकशी करते.

ऑर्थोतून रात्री कॉल येतो. मांडीचं हाड मोडलेला, दोन दिवस शांत पडलेला माणूस तिसऱ्या रात्री चादर ओरबाडतोय, भिंतीवर किडे दिसतात म्हणतोय, हात थरथरताहेत. मेडिकल कॉलेजच्या जनरल हॉस्पिटलात तयार झालेली पोरगी आधी बायकोला बाजूला घेते: ‘ताई, हे रोज किती प्यायचे?’ दारू एकदम तुटल्यावर होणारा हा प्रकार जिवावर बेततो. लोराझेपाम लिहून ती सिस्टरला बजावते, ग्लुकोजच्या आधी थायमिन. नुसत्या मनोरुग्णालयात शिकलेला इथे अडखळतो. किडे दिसतात म्हटल्यावर त्याचा हात थेट भासांवरच्या हॅलोपेरिडॉलकडे जातो.

पण येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात घडलेल्याची नजर वेगळी असते. न बोलणारा, न जेवणारा, उचललेला हात तसाच हवेत धरून ठेवणारा रुग्ण दिसला की कॅटाटोनिया त्याला दारातूनच कळतो. लिथियमवरच्या माणसाला जुलाब लागले की रक्तातली पातळी चढणार, हे त्याला पुस्तक न उघडता सुचतं. एकच आजार महिनोन्‌महिने चढता-उतरता पाहिलेला असतो. कॉलेजातला पेशंट पंधरवड्यात घरी जातो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच रेसिडेंटच्या वाट्याला येतो.

खासगी हॉस्पिटलात डीएनबी करणाऱ्याची अडचण तिसरीच. पैसे मोजून आलेल्याला मोठे डॉक्टरच हवे असतात. शिकाऊ पोरासमोर तो कशाला मन मोकळं करेल? सगळीकडे असंच असतं असं नाही. काही डीएनबीवाले सरकारी रुग्णालयातही असतात.

आता एमडीवाल्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात. कुरकुर करत गेलेली माझी एक विद्यार्थिनी परतल्यावर गोळी लिहिण्याआधी विचारू लागली, ‘औषध खिडकीवर मिळतंय ना?’ मला वाटतं, कॉलेजवाल्यांना असाच मुक्काम मनोरुग्णालयात हवा आणि तिथल्यांना जनरल हॉस्पिटलचे रात्रीचे कॉल. मीटिंगमध्ये हे काढलं की दोन्हीकडून प्रश्न एकच: ‘मॅडम, मग आमची ओपीडी कोण बघणार?’