सुरत: खानदेशाचं बंदर

धुळे-जळगावकडचं कुठलंही गाव घ्या, कुणाचा भाऊ नाहीतर कुणाचा जावई सुरतेला असतोच. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ही नावं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ. लग्नाचा बस्ता तिथला, साड्या तिथल्या. महापालिकेच्या मराठी शाळाही तिथे आहेत. पण सुरतेला जाऊन सुरत पाहून आलेला माणूस विरळा. उधन्यातल्या आतेभावाला म्हटलं, किल्ला दाखव, तर तो म्हणाला, ‘‘तठे काय देखानं से, भाऊ?’’ लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्याला हा प्रश्न शोभतो. तरी सुट्टीच्या दिवशी रिक्षा ठरवून तोच आमचा वाटाड्या झाला.

जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर झाला. धुळेकरांना नरडाण्याला येऊन गाडी धरावी लागते, नाहीतर नवापूरवरून एसटी. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. वाट मात्र रुळांपेक्षा फार जुनी. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो सुरतेला उतरला आणि नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर असा मजल दरमजल करत बऱ्हाणपूरला शहजादा परवेझच्या भेटीला गेला. बऱ्हाणपूरकडचं कापड याच वाटेनं उलट्या दिशेला, समुद्राकडे जाई. म्हणजे सुरत हे आमचंच बंदर. शाळेत हे कुणी सांगितलं नाही. तिथे सुरत फक्त लुटीपुरती येते.

त्या लुटीची जागा पाहायची तर चौकबाजार. तापीकाठचा किल्ला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या उपद्रवाला तोंड द्यायला बांधला. आता डागडुजी होऊन त्यात संग्रहालय झालंय. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून याच भिंतींआड बसला. इंग्रज आणि डचांनी मात्र आपापल्या वखारी राखल्या. इंग्रजांचा तेव्हाचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन १६६९मध्ये इथेच वारला. कतारगाम दरवाजाकडच्या दफनभूमीत त्याची आणि त्याच्या भावाची कबर पाहिली आणि आतेभाऊही गप्प झाला. दुमजली, खांबांची, घुमटांची. एखाद्या नबाबाचा मकबरा वाटावा. हयातभर मिरी-कापडाचा हिशेब केलेल्या माणसांना मेल्यावर मोगली थाट हवा होता! डचही मागे नाहीत. मलबारच्या वनस्पतींवर १२ खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध करणारा व्हान रीड १६९१मध्ये वारला, त्याचीही भव्य कबर सुरतेतच आहे. १६४४ची मुगलसराई ही हजला निघालेल्या यात्रेकरूंची धर्मशाळा. आज तिथे महापालिका बसते, त्यामुळे दाखले काढायला आलेल्यांच्या गर्दीतूनच ती पाहावी लागते.

दुपारी लोचो खाल्ला. हिवाळ्यात गेलात तर तापीकाठी पोंक मिळतो, कोवळ्या ज्वारीचा, शेव-लिंबू घालून. हुरड्यावर वाढलेल्या आम्हा लोकांना त्याचं काय कौतुक, पण खाल्ला जातोच.

पुलावरून दिसणारी तापी मुलताईहून निघून आमच्याकडची पूर्णा, गिरणा, पांझरा पोटात घेऊन इथवर येते. तिच्याबरोबर गाळही येतो. त्या गाळामुळेच मोठी जहाजं शहरापर्यंत चढत नसत. ती मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात येई. पुराचंही तसंच. वर हतनूरचे दरवाजे उघडले की पाणी उकाईला जातं, आणि उकाई भरत आलं की सुरतकर आकाशाकडे नाही, धरणाच्या आकड्याकडे बघतो. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने रांदेर-अडाजणसह मोठं शहर बुडालं होतं.

समुद्रासाठी बहुतेक जण डुमसला जातात. काळी वाळू, गरम भजी, उंटाची सफर. सुवाळी नदीच्या पलीकडे, हजीऱ्याच्या कारखान्यांपुढे. एका दिवसात दोन्ही जमवणं अवघड. मी सुवाळी निवडेन. १६१२ची इंग्रज-पोर्तुगीज आरमारांची लढाई तिथल्याच पाण्यात झाली. फक्त परतीची रिक्षा आधीच ठरवून ठेवा, संध्याकाळनंतर तिकडे वाहन मिळत नाही.