वैद्यकीय परीक्षांची उजळणी : मूलभूत शास्त्रे व रुग्णचिकित्सा यांचा अन्योन्यसंबंध
(यवतमाळ जिल्ह्यातील कीटकनाशक विषबाधेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
एमबीबीएस अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे विषय प्रथम येतात. त्यानंतर विकृतिशास्त्र, औषधशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र यांचा क्रम लागतो. वैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व बालरोग या विषयांची परीक्षा अखेरीस होते. या विभागणीमुळे एक परीक्षा उत्तीर्ण झाली की त्या विषयांची पुस्तके बाजूला पडतात. पुढे पदव्युत्तर प्रवेशाच्या 'नीट-पीजी' परीक्षेत मात्र हे सर्व विषय एकत्र विचारले जातात. अशा वेळी उजळणी कोणत्या पद्धतीने करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

यवतमाळचे उदाहरण :
सन १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कापूस उत्पादक यवतमाळ जिल्ह्यात आहे. सन २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. अनेक रुग्णांवर याच महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार झाले.

अशा रुग्णाचा अभ्यास शरीरक्रियाशास्त्रापासून सुरू होतो. मज्जातंतूकडून स्नायू व ग्रंथींकडे संदेश पोहोचविणारे अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य कोलिनेस्टरेज या विकरामुळे तत्काळ विघटित होते. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या विकराला निकामी करतात व अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते. बाहुल्या आकुंचित होणे, लाळ व घाम सुटणे, श्वासनलिकांत स्राव वाढणे, स्नायू फडफडणे ही लक्षणे त्यातूनच उद्भवतात. अ‍ॅट्रोपीन मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवते, म्हणून स्राव कमी होतात. परंतु स्नायूंची दुर्बलता त्याने दूर होत नाही, कारण ती निकोटिनिक रिसेप्टरशी निगडित असते. विकर पुन्हा कार्यक्षम व्हावे म्हणून प्रॅलिडॉक्सिम देतात. विष व विकर यांचा बंध कायमचा होण्यापूर्वीच त्याचा उपयोग असतो.

येथे केवळ पाठांतराची मर्यादा स्पष्ट होते. सन २०१७ मध्ये फवारणीसाठी वेगवेगळ्या रसायनांची मिश्रणे वापरली गेली होती. त्यांतील डायफेन्थियुरॉन हे सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील नाही व त्यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. 'कीटकनाशक म्हणजे अ‍ॅट्रोपीन' एवढेच पाठ असलेला विद्यार्थी अशा रुग्णासमोर निरुत्तर होतो. कार्यकारणभाव जाणणारा विद्यार्थी मात्र लक्षणांवरून विचार करू शकतो.

उजळणीची पद्धती :
१) रुग्ण हा घटक मानावा. प्रत्येक रोगाविषयी तीन प्रश्न विचारावेत : मूळ क्रिया कोणती, ती कोठे बिघडली आणि औषध नेमके कोठे कार्य करते?
२) पुस्तक मिटून आठवावे. रोडिगर व कार्पिक यांच्या सन २००६ मधील प्रयोगात लगेच घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे विद्यार्थी पुढे होते; परंतु आठवड्यानंतर स्वतः आठवण्याचा सराव केलेल्यांच्या स्मरणात अधिक भाग टिकून राहिला.
३) अंतराने उजळणी करावी. शिकलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते, हे एबिंगहाउस यांनी सन १८८५ मध्येच दाखविले होते. त्यामुळे दुसरा दिवस, आठवडा व महिना अशा वाढत्या अंतराने तोच रुग्ण पुन्हा अभ्यासावा.
४) चुकलेल्या उत्तरांची स्वतंत्र वही ठेवून प्रत्येक चुकीचे मूळ मूलभूत शास्त्रात शोधावे.

निष्कर्ष :
मूलभूत शास्त्रे ही रुग्णचिकित्सेची केवळ पूर्वपरीक्षा नसून तिचा पाया आहेत. ही दोन अंगे एकत्र अभ्यासल्यास परीक्षेतील अपरिचित प्रश्नही सोडविता येतो. ज्या जिल्ह्यात फवारणीचा हंगाम दरवर्षी येतो, तेथील विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न केवळ गुणांचा नाही. त्याच्या उत्तरावर शेतमजुराचा जीवही अवलंबून असू शकतो.